खवलेकऱ्यांचा मामा

४ ऑक्टोबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

परवा सकाळी मी एका अनोळखी म्हाताऱ्याच्या पाठीला पाठ लावून दीड तास बसलो. दोघंही एक अक्षर बोललो नाही. ऊन चढल्यावर तो उठला, मला लांबलचक जीभ काढून दाखवली आणि निघून गेला. रागावू नकोस, जीभ दाखवणं म्हणजे इथे नमस्कार. मीही माझी दाखवली. जरा आखूड पडली, पण त्याने मनावर घेतलं नाही.

पहिल्या पत्रात मी 'पोचलो, खुशाल आहे' एवढंच लिहिलं, कारण बाकीचं कसं लिहावं तेच सुचेना. ही खवलेकरी मंडळी दिसायला पालीच्या जातीची, उंचीला आपल्याएवढी आणि स्वभावाने अगदी नाकासमोर चालणारी. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. जी काय ती सूर्याची. त्यामुळे सकाळी सगळी गल्ली आपापल्या ओट्यावर पालथी पडलेली असते. अंग तापेपर्यंत कोणी बोलत नाही, आणि चुकून बोललंच तर ते धरायचं नाही असा रिवाज आहे. गार अंगाने दिलेला शब्द फुकट. भर दुपारी दिलेला मात्र दगडावरची रेघ.

भांडणंही दुपारचीच. काल माझ्या खिडकीखाली दोन शेजारणी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून हातघाईवर आल्या होत्या. तेवढ्यात ढग आला. दोघींचे आवाज बसले, हात खाली आले, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून मुकाट उभ्या राहिल्या. ढग सरकला तशी एक म्हणाली, "तर मी काय म्हणत होते, भवाने..." मला हसू आवरेना. खिडकी लावून घेतली.

आता माझ्या कामाचं ऐक. कारखान्याने मला इथे चारशे लोकरी स्वेटर घेऊन पाठवलं. थंड अंगाच्या माणसांना ऊब विकायची, केवढी अक्कल! अगं, स्वेटर घातला की यांच्या पाठीला ऊनच लागत नाही. पहिल्या दिवशी ज्यांनी घातले ते दुपारपर्यंत फडताळातल्या तांब्यासारखे गार पडले होते. तेव्हापासून मी एकेका स्वेटरच्या पाठीला हातभर खिडकी कापतो आणि कडेने शिवण घालतो. शेपटीलाही एक बाही लागते. मास्तरांनी गावच्या शाळेत शिकवलेलं सगळं अजून पाठ आहे, पण शेपटीची बाही कोणत्या इयत्तेत होती ते आठवत नाही.

मी मात्र आतूनच तापलेला असतो, ही बातमी वणव्यासारखी पसरली आहे. ढगाळ सकाळी माझ्या ओट्यावर सात-आठ जण येऊन मला टेकतात. देवाचं नाव घ्यायला डोळे मिटावे तर दोन्ही बाजूंनी घोरणं. पण वाटतं, याहून चांगली पूजा ती कोणती?

एक अपराध मात्र घडला. मला शिंक आली. तुला माहीत आहे माझी शिंक कशी असते. समोर टपालवाला उभा होता, दचकला, आणि त्याची शेपटी गळून पडली ना! वळवळत मशीनखाली गेली. ज्याच्यामुळे शेपटी गळली त्याने ती परत येईपर्यंत समोरच्याला दुपारचं जेवण घालायचं, असा इथला रिवाज. तो रोज बाराला येतो, माझं अर्धं जेवण जेवतो आणि म्हणतो, "घाई नाही, शिंपीभाऊ. सावकाश येऊ दे."

तू माझ्यासाठी नर्सबाईंच्या स्थळाचं लिहिलं आहेस. बाई चांगल्या असतील यात शंका नाही. बघू.

तुझा,
धाकटा

१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे हसता हसता खुर्चीतून खाली आले. नातवंडं आता घरभर जिभा काढत फिरतात आणि 'मामाआजोबांनी सांगितलंय' म्हणतात. तुझ्या नावाने दोघांना धपाटे मिळाले आहेत.

शेवटच्या ओळीला मात्र मला हसू आलं नाही. बघू! आई गेल्यापासून मी तुला वाढवलं आणि आई गेल्यापासून मी हा शब्द ऐकते आहे. दुकान टाकायचं का? बघू. घर बांधायचं का? बघू. बावीस वर्षांपूर्वी पलीकडच्या गावचं स्थळ आलं, तू बघू म्हणालास. त्या मुलीचा मुलगा आता औषधाच्या दुकानात बसतो आणि माझ्या गुडघ्याच्या गोळ्या मलाच मोजून देतो. माझे केस उन्हाने पांढरे नाही झाले.

नर्सबाई चव्वेचाळीसच्या आहेत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. हाताला यश आहे, जिभेला धार आहे. मला सरळ म्हणाल्या, "तुमचे भाऊ येऊन भेटू देत. मग मी हो किंवा नाही सांगेन, त्यांनीही सांगावं." त्यांना बाहेरगावच्या मोठ्या इस्पितळाने बोलावलं आहे. जानेवारीअखेर उत्तर द्यायचं आहे. त्या एकदा गेल्या की गेल्या.

वीस डिसेंबरची बोट शेवटची. पुढे धुक्यामुळे मार्चपर्यंत बंद. टपाल तेवढं डोंगरावरच्या तारेच्या पाळण्यातून बारा महिने येतं. त्यात तू मावत असतास तर मी तुला पाकिटात घालूनच मागवलं असतं. मावत नाहीस, तेव्हा बोटीने ये.

तुझी,
ताई

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र बसून वाच. भावजींनाही बसव, खुर्चीत नको, खालीच.

इथे अंडी गावाच्या सामाईक वाळूघरात ठेवतात. उन्हाळ्यात वाळू तापलेली असते, बाळं आपसूक निघतात. वाळूघराची राखण करणारी एक म्हातारी आहे, तिला सगळे वाळूआजी म्हणतात. पण लोहारणीचं अंडं यंदा हंगाम उलटल्यावर आलं. वाळू गार पडली आहे. लोहाराने भट्टीजवळ ठेवून पाहिलं, पण आगीची ऊब रागीट. एकीकडून भाजते, दुसरीकडे पोचत नाही.

परवा भर दुपारी वाळूआजी, लोहार, लोहारीण आणि मागोमाग अर्धी गल्ली माझ्या खोलीत आली. आजीच्या हातात टोपली. ती म्हणाली, "शिंपीभाऊ, तुमच्या पोटाशी धराल का हे?"

ताई, माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या. 'जरा थांबा, टाचण्या काढतो' असं सांगायला मी मान हलवली.

भर दुपार. उघडी खिडकी. मान वरून खाली. झालं! सगळ्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या फुगून नारिंगी झाल्या. आनंद झाला की यांचं असं होतं. टाचण्या काढून होईपर्यंत अंडं माझ्या मांडीवर होतं आणि लोहारीण माझ्या गुडघ्याला मिठी मारून बसली होती. टपालवाला कानाशी म्हणाला, "बोलू नका आता. शोभत नाही."

म्हणून मी एक पट्टा शिवला आहे, आतून मऊ फडक्याचा. अंडं नारळाएवढं आहे, पण कवच चामड्यासारखं. रात्रंदिवस पोटाशी असतं. वाकता येत नाही, मशीन जरा लांबून चालवावं लागतं. गल्लीतल्या बायका मला पायऱ्या उतरताना हात देतात. जो उबवतो त्याला इथे एक नातं असतं. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द मामा हाच.

बाळ निघायला जानेवारी उजाडेल असं आजी म्हणते. तेव्हा वीस तारखेच्या बोटीचं कठीणच दिसतं. बाईंना काय सांगायचं ते बघू.

तुझा,
धाकटा

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद मागाहून.

माणसं परदेशी जातात, घड्याळ आणतात, कापड आणतात. माझा भाऊ अंड्यावर बसला! शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ काय करतो हो तिकडे?" मी म्हटलं, "बढती मिळाली." अजून काय सांगू?

नर्सबाईंना मी सांगितलं की तू एका नाजूक कामात गुंतला आहेस. त्यांनी विचारलं, "किती नाजूक?" मी म्हटलं, "फार. धक्का लागून चालत नाही." खोटं तर बोलले नाही.

तुला दया आली हे मला कळतं. पण लहानपणी तू असाच मांजराची पिल्लं सदऱ्यात घालून फिरायचास आणि शाळेची घंटा चुकायची. ही घंटा शेवटची आहे रे. कोणा दुसऱ्या गरम माणसाकडे ते दे आणि बोटीत बस.

ताई

ता. क. पोटाला घट्ट बांधू नकोस. दम लागेल.

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

दुसरा गरम माणूस इथे नाही. मीच एकटा.

आणि मीही कामाचा नाही असं दिसतं. एक चूक झाली आहे. ती सांगितल्याशिवाय मला घास जात नाही.

शाळेमागे मास्तरांच्या कोंबड्या होत्या, आठवतं? अंड्यावर बसलेली कोंबडी दिवसातून दोन-चार वेळा अंडं उलटवते, चोचीने. मी ते तासन्‌तास पाहत बसायचो. तेवढ्या ज्ञानावर मी पहिल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ अंडं उलटं करत होतो. मनात रामनाम आणि हातात अंडं. आपण किती काळजी घेतो याचं मला कौतुकही वाटत होतं.

बावीस दिवसांनी लोहारणीने ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिच्या गळ्याची पिशवी राखाडी झाली, ती जागच्या जागी खाली बसली आणि तिची शेपटी गळून पडली. वाळूआजी धावत आली. म्हणाली, "शिंपीभाऊ, कोंबडीचं वेगळं. आमचं बाळ आत वरच्या भिंतीला चिकटून वाढतं. उलटं केलं की..." कपडे आखायच्या माझ्या खडूने तिने वरच्या बाजूला एक फुली काढली आणि म्हणाली, "आता ही फुली आभाळाकडे."

आत बाळ आहे की नाही, कोणालाच ठाऊक नाही. प्रकाशासमोर धरून पाहता आलं असतं, पण जन्मायच्या आधी कोणाकडे डोकावून पाहणं इथे असभ्य समजतात. कोणाच्या न्हाणीघरात डोकावावं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली माझ्याकडे आली. मी म्हटलं, आता शिव्या. त्या खायच्याच होत्या. पण मंडळी आली आणि नेहमीसारखी मला टेकून बसली. लोहारीण माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तुमचा शब्द मी परत देते. ऊन आहे, सगळे ऐकताहेत. तुमच्या घरी लग्नाचं चाललंय असं टपालवाला म्हणतो."

"तुला कसं कळलं रे?" मी टपालवाल्याला विचारलं.

"पाकीट पातळ असतं," तो म्हणाला.

तर मी मोकळा आहे. लोहारणीलाही मी जेवण घालतो आहे. ती आणि टपालवाला माझं जेवण संपवतात, मी पाणी पितो. देवाकडे स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, भिडस्तपणामुळे. आता रोज एकच मागतो, आत कोणीतरी असू दे. पण नसलं तर? रिकामं अंडं पोटाशी धरून मी जन्माची संधी घालवतो आहे का? बोटीला तीन आठवडे आहेत. बघू.

तुझा,
धाकटा

८ डिसेंबर

शिंपीभाऊ,
नमस्कार.

तुमच्या ताईंकडे नर्स येते ती मी. परवा त्यांना इंजेक्शन द्यायला गेले तर त्या रडत होत्या. गुडघ्यासाठी कोणी एवढं रडत नाही. विचारलं तर उशीखालून तुमची पत्रं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाचा. नाजूक काम कोणतं ते तुम्हीच बघा." मी सगळी वाचली. दोन वेळा. त्यांचं इंजेक्शन राहून गेलं.

चोवीस वर्षांत मी सातशेच्या वर बाळंतपणं केली. अंडं एकही नाही. खरं सांगते, हेवा वाटला.

कामाचं लिहिते. पट्टा बेंबीच्या वर ठेवा, खाली ऊब कमी असते. फुली सरळ ठेवून उताणे झोपा. शिंक आली तर आधी दोन्ही हात अंड्यावर. आणि स्वतः जेवा. उपाशी माणूस गार पडतो. टपालवाल्याला म्हणावं, नर्सने सांगितलंय, अर्धंच.

बाळ आहे की नाही हे बाहेरून कळत नसेल तर आहे असं धरूनच हात चालवायचे. आम्हाला पहिल्याच वर्षी हे शिकवतात. मी काही वेळा हरले आहे, पण आधीच हात सोडला असं एकदाही झालं नाही.

तुम्ही वीस तारखेच्या बोटीत बसलात तर ताईंना आनंद होईल. आमच्या दारावरून मात्र जाऊ नका.

आणखी एक. ताईंच्या हातून मला 'बघू' पाठवू नका. काही विचारायचं असेल तर मला विचारा. नसेल विचारायचं तर तेही मला लिहा. मग मी इस्पितळाला होकार कळवते, राग धरत नाही. जानेवारीअखेरपर्यंत वाट पाहीन.

बाळाच्या मामांना नमस्कार.

नर्सबाई

२२ डिसेंबर

चि. धाकट्यास,

बोट आली. मी गुडघे बांधून धक्क्यावर गेले होते. शेवटचा माणूस उतरला, शेवटची पेटी उतरली, तू नाहीस. नर्सबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी तोंड लपवायला जागा शोधत होते आणि त्या हसत होत्या! म्हणाल्या, "नाही आले ना? बरं झालं." मग मला गरम दूध पाजून घरी आणून सोडलं.

मला काही कळेनासं झालं आहे. तुला कळत असेल तर लिही.

ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

झालं! आत कोणीतरी होतं!

काल दुपारी स्वेटरला खिडकी कापत होतो. पोटावर खर्रर्र असा आवाज झाला. मला वाटलं, पट्ट्याची शिवण उसवली. पाहतो तर फुलीच्या बरोबर मधून एक इवलंसं नाक बाहेर! मी कात्री टाकली आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण गल्लीतल्या तीन शेपट्या गळल्या. मार्चपर्यंत जेवण घालायला आता पाच माणसं. असू देत!

मुलगी आहे. वीतभर लांब, हिरवट, पापणी न लववता टक लावून पाहणारी. बाहेर आल्याबरोबर तिने माझ्या सदऱ्याचं बटण चावलं. लोहारीण तिला हातात घेईना. म्हणाली, "आधी मामाकडेच." आणि तिच्या गळ्याची पिशवी एवढी फुगली की तिला बोलताच येईना. लोहार दाराशी उभा राहून नुसता "अगं बाई, अगं बाई" करत होता. मी रडलो. हे लोक रडत नाहीत, वाळूआजीने घाबरून विचारलं, "डोळे गळतात का तुमचे? पाणी आणू?"

मग आज दुपारी त्यांचा एक विधी झाला, तो तुला सांगितलाच पाहिजे. बाळाला उन्हात ठेवतात आणि सगळा शेजार एकेक करून त्याला स्वतःची ओळख करून देतो. नाव-गाव नाही सांगायचं. स्वतःची खोड सांगायची, म्हणजे पुढे बाळाची फसवणूक होणार नाही.

पहिली आली दोरीवरून भांडणारी. "मी भांडकुदळ आहे. माझ्या दोरीला हात लावू नकोस." तिची शेजारीण लगेच, "मी मुद्दाम हिच्या दोरीवर माझे कपडे घालते." दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या. लोहार म्हणाला, "मी ऐकतो एक आणि करतो दुसरंच." मग टपालवाला पुढे झाला. मान खाली घालून म्हणाला, "मी लोकांची पत्रं उजेडासमोर धरतो."

"ते तिलाही अंड्यात ऐकू आलं असेल," वाळूआजी म्हणाली. गल्ली खो खो हसली. हसू म्हणजे यांचं नुसतं फुसफुसणं, पण चाळीस जण एकदम फुसफुसले की पडदे उडतात.

शेवटी मामाची पाळी. भर दुपार, सगळे ऐकताहेत, आणि ती पोरगी पापणी न लववता माझ्याकडे पाहते आहे. मी म्हटलं, "मी शिंपी. मला काही विचारलं की मी 'बघू' म्हणतो."

एकाने विचारलं, "म्हणजे काय करता?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच करत नाही."

"आणि समोरचा?"

"वाट पाहतो."

कोणी हसलं नाही, ताई. त्यांना एवढी मोठी खोड कधी ऐकायलाच मिळाली नव्हती. वाळूआजीने मुलीला माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "सांगून टाकलंत ना? मग आता तिच्यासमोर परत तसं करता यायचं नाही. लाज वाटेल." एवढंच.

पुरुषभर उंचीचं माझं सगळं भिडस्तपण त्या वीतभर पोरीपुढे उभं राहीना.

ती माझ्या सदऱ्यात शिरून झोपली आणि मी मशीनच्या फळीवर कागद घेऊन बसलो. आजवर प्रत्येक गोष्ट आधी तुला विचारून केली. हे विचारलं नाही, म्हणून रागावू नकोस. आधी तुला लिहिलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट पाहत बसलो असतो, आणि त्यात जानेवारी संपला असता. नर्सबाईंना थेट लिहिलं. एवढंच लिहिलं:

'बाळ सुखरूप आहे, मुलगी आहे. तुम्ही म्हणालात तसंच हात चालवले. माझं वय एकोणपन्नास. दात सगळे आहेत, शिंक मोठी आहे, आणि बघू म्हणायची खोड होती. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का? मार्चच्या पहिल्या बोटीने मी येतो. हो म्हणणार असाल तरी येतो. नाही म्हणणार असाल तर ते तुमच्या तोंडून ऐकायला येतो.'

पाकीट चांगलं जाड घेतलं. टपालवाल्याने हातात तोलून पाहिलं, उजेडाकडे धरलं, आणि खवट चेहऱ्याने म्हणाला, "काहीच दिसत नाही!"

"दिसायचं नाही. पोचवायचं," मी म्हटलं.

"आजच्या पाळण्यात टाकू की उद्याच्या? उद्या ऊन बरं असेल. तोवर अजून विचार करायचा असेल तर..."

"आजच्या."

तो निघाला. दरवाजात उभा राहून मी पाहत होतो. गल्लीच्या टोकाला तो थांबला, वळला, हात वर करून पाकीट मला दाखवलं. नेऊ ना, असं. ढग आलेला नव्हता, लख्ख दुपार होती. मी मान वरून खाली हलवली. या वेळी तोंडात एकही टाचणी नव्हती.

डोंगरावर तार करकरली, पाळणा वर चढला आणि धुक्यात गेला. मग मी आत येऊन तुला लिहायला बसलो.

तुझा,
धाकटा